बेसिक सेम, बाकी कॉलम वेगळे

लग्नाच्या पंगतीत, जन्मात कधी न पाहिलेले एखादे काका मठ्ठ्याचा घोट घेता घेता "मग, पॅकेज किती गं?" असं बिनधास्त विचारू शकतात. गावाहून आलेली मावशी, बिल्डिंगमधल्या काकू, होम लोनवाला, सगळ्यांनाच आपला पगार विचारायचा हक्क असतो. पण पाच वर्षं शेजारच्या डेस्कवर बसणारा, रोज आपल्या डब्यातली भाजी हक्काने खाणारा मित्र? त्याचा पगार आपल्याला माहीत नसतो आणि आपला त्याला. कारण ऑफर लेटरमध्ये एक ओळ असते, पगार गोपनीय ठेवावा अशी. आपण एकमेकांना ब्रेकअप सांगतो, मॅनेजरची लफडी सांगतो, ती एक ओळ मात्र इमानेइतबारे पाळतो.

माझ्या डोक्यात हा विषय जरा जास्तच घोळतो, कारण माझं कामच ते आहे. मी पेरोल सॉफ्टवेअरवर काम करते. म्हणजे कोणाला किती पगार द्यायचा हे मी ठरवत नाही (तेवढं कुठलं नशीब!), पण ठरलेला पगार कसा मोजायचा हे सिस्टिमला शिकवते. पेरोलच्या भाषेत पगार हा एक आकडा नसतोच. तो तुकड्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याला 'पे एलिमेंट' म्हणतात. बेसिक एक एलिमेंट, ओव्हरटाइम दुसरं, शिफ्ट अलाउन्स तिसरं, बोनस चौथं. असे पन्नास-साठ कॉलम सहज होतात. माणूस पगाराबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर बेसिक किंवा एकूण आकडा असतो. खरी गंमत मधल्या कॉलममध्ये असते.

हे मला नीट कळलं ते बर्मिंगहॅममध्ये. २०२५ च्या सुरुवातीला प्रोजेक्टसाठी काही महिने तिकडे होते. क्लायंट एक रिटेल कंपनी होती, महापालिकेशी आमचा काही संबंध नव्हता. पण त्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये राहून महापालिकेशी संबंध न येणं अशक्य होतं, कारण महापालिकेचा कचरा रस्त्यावर होता. कचरा उचलणारे कामगार जानेवारीपासून अधूनमधून आणि ११ मार्चपासून बेमुदत संपावर गेले. ३१ मार्चला महापालिकेने अधिकृतपणे आणीबाणीसारखी स्थिती जाहीर केली, तेव्हा शहरात १७ हजार टन कचरा पडून होता. फुटपाथवर काळ्या पिशव्यांचे डोंगर आणि त्यात मांजराएवढाले उंदीर. 'पीकी ब्लाइंडर्स' ही मालिका याच शहरातल्या गुंडांवर आहे, म्हणून पेपरवाल्यांनी उंदरांचं बारसं केलं 'स्क्वीकी ब्लाइंडर्स'. इंग्रजांचा विनोद उंदरांच्या बाबतीतही शाबूत असतो.

मी ज्या घरात खोली घेतली होती तिथल्या मालकीणबाई साठीच्या. वीसेक वर्षं महापालिकेत होम केअरर होत्या. म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, खाऊ घालायचं. बर्मिंगहॅमी लोक सगळ्यांना 'बॅब' म्हणतात, आपल्या 'बाळा' सारखं. मी कचऱ्यावरून कुरकुर केली की त्या म्हणायच्या, "बॅब, हा कचरा तीन महिन्यांचा नाही. पन्नास वर्षांचा आहे."

मला वाटलं, म्हातारपणी माणसं असं बोलतातच. पण मग एका वीकएंडला बाहेर पाऊस, घरात हीटर, हातात लॅपटॉप अशी उत्तम परिस्थिती असताना वाचायला बसले. आणि बाई अक्षरशः खरं बोलत होत्या.

गोष्ट सुरू होते १९६८ मध्ये. लंडनजवळच्या डॅगनमला फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायका संपावर गेल्या. कंपनीने त्यांचं काम अकुशल ठरवलं होतं. (एकदा साधी उशीची खोळ सरळ शिवून दाखवा, मग बोलू कुशल-अकुशल!) त्या संपातून पुढे १९७० चा समान वेतन कायदा आला. पण मालक लोकांना तयारीसाठी वेळ हवा म्हणून तो लागू झाला २९ डिसेंबर १९७५ ला. पाच वर्षांचा नोटीस पिरियड! आणि त्या डॅगनमच्या बायकांना कुशल कामाची ग्रेड मिळायला १९८४ साल उजाडलं, तेही आणखी एक संप करून.

आता या कायद्यातला खरा महत्त्वाचा बदल १९८४ पासूनचा. तोपर्यंत बाईला सांगावं लागायचं की हा पुरुष माझ्यासारखंच काम करतो आणि जास्त पगार घेतो. पण जिथे सगळ्या बायका स्वयंपाकघरात आणि सगळे पुरुष रस्त्यावर, तिथे 'माझ्यासारखंच' काम करणारा पुरुष आणायचा कुठून? म्हणून कायद्यात 'समान मूल्याचं काम' आलं. काम वेगळं असेना का, त्याला लागणारं कौशल्य, कष्ट, जबाबदारी यांची बेरीज सारखी असेल तर पगारही सारखा हवा. जहाजबांधणी कारखान्यातल्या ज्युली हेवर्ड नावाच्या स्वयंपाकिणीने आपली तुलना तिथल्या रंगाऱ्याशी आणि सुताराशी केली, आणि १९८८ मध्ये थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन ती जिंकली.

हे सगळं मोजायचं कसं? त्याला 'जॉब इव्हॅल्युएशन' म्हणतात. इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांसाठी जी राष्ट्रीय पद्धत आहे तिच्यात १३ घटक आहेत: ज्ञान, शारीरिक श्रम, मानसिक ताण, भावनिक ताण, माणसांची जबाबदारी, पैशांची जबाबदारी, कामाच्या ठिकाणची परिस्थिती वगैरे. प्रत्येकाला पॉइंट्स, पॉइंट्सची बेरीज, बेरजेवरून ग्रेड. आपल्या डोक्याला एकदम पटणारं. १९९७ मध्ये महापालिका आणि युनियन यांच्यात राष्ट्रीय करार झाला की आता सगळ्यांना एकाच पद्धतीत आणायचं. प्रत्यक्षात आणायला अनेक ठिकाणी दहा-दहा वर्षं लागली.

आणि इथे येतात ते मधले कॉलम.

बर्मिंगहॅममध्ये कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, कबरी खणणारे (बहुतेक पुरुष) आणि सफाई करणाऱ्या, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या, केअरर (बहुतेक बायका) यांची ग्रेड सारखीच होती. म्हणजे महापालिकेने स्वतःच मान्य केलं होतं की ही कामं सारख्या मोलाची आहेत. बेसिकही सेम. पण पुरुषांच्या कामांना बोनस होता. फार पूर्वी उत्पादकता वाढावी म्हणून सुरू झालेला, आणि नंतर नुसताच चालू राहिलेला. हा बोनस कधी कधी बेसिकच्या १६० टक्क्यांपर्यंत जायचा. २०१० मध्ये चार हजारांवर बायकांचा दावा ट्रायब्युनलपुढे आला तेव्हा बाहेर आलेलं उदाहरण असं: एका कचरावाल्याची एका वर्षाची कमाई ५१ हजार पौंड, आणि त्याच ग्रेडच्या बायकांची १२ हजारांहून कमी. बायका जिंकल्या.

थोडक्यात, कोणी फक्त ग्रेड आणि बेसिकवर एसक्यूएल क्वेरी मारली असती तर उत्तर आलं असतं: फरक शून्य. रिपोर्ट हिरवागार. मॅनेजमेंट खूश.

मी मालकीणबाईंना विचारलं, तुम्हाला बोनस का नव्हता? त्या हसल्या. म्हणाल्या, "पिशव्या मोजता येतात, बॅब. मी एका म्हातारीला पाय धुवायला तयार केलं, अर्धा तास गोडीत बोलून, त्याचं काय मोजणार?"

यावर मी बराच वेळ गप्प होते. कारण आमच्याकडेही हेच चालतं की. क्लोज केलेली तिकिटं मोजता येतात. नवीन आलेल्या फ्रेशरला शेजारी बसवून शिकवलं, क्लायंटचा राग शांत केला, दोन टीम्सचं भांडण मिटवलं, हे कुठल्या डॅशबोर्डवर दिसतं? आणि ही न दिसणारी कामं टीममध्ये साधारण कोणाकडे येतात, हे प्रत्येकाने आपापल्या टीमकडे बघून ठरवावं.

पुढची गोष्ट अजून मजेदार आहे. ट्रायब्युनलमध्ये दावा करायचा तर नोकरी सोडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. ज्या बायका आधीच नोकरी सोडून गेल्या होत्या त्यांना तर कळलंच नव्हतं की शेजारच्या ग्रेडबंधूला एवढा बोनस आहे. कळेपर्यंत सहा महिने संपलेले. अशा १७४ माजी कर्मचाऱ्यांनी मग सरळ हायकोर्टात दावा लावला, कारण तिथे मुदत सहा वर्षांची. महापालिका म्हणाली, हे चालणार नाही, तुम्ही उशिरा आलात. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ ऑक्टोबर २०१२ ला तीन विरुद्ध दोन अशा निकालाने बायका जिंकल्या. एका न्यायमूर्तीचं मत इकडचं तिकडे झालं असतं तर खेळ खलास होता.

या निकालानंतर बिलं येऊ लागली. २०१५ मध्ये महापालिकेने नॅशनल एक्झिबिशन सेंटरचा सगळा गट, म्हणजे शहराची प्रदर्शनकेंद्रं आणि सभागृहं, ३० कोटी ७० लाख पौंडांना विकला. मोठं कारण हेच देणं. (घेणाऱ्याने तीनच वर्षांत तो सुमारे ८० कोटींना पुढे विकला. असो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते उगाच नाही.) २०२३ पर्यंत समान वेतनापोटी दिलेली रक्कम ११० कोटी पौंडांच्या घरात गेली होती.

एवढं दिल्यावर संपायला हवं होतं. नाही संपलं. कारण जुनी देणी भागवली जात असताना नवी तयार होत होती. कचरा विभागात 'टास्क अँड फिनिश' नावाची रीत होती: आपला राउंड संपला की घरी, पगार मात्र पूर्ण तासांचा. जीएमबी या युनियनचं म्हणणं असं की ही सवलत बायकांच्या कामांना कधीच नव्हती, म्हणजे हाही एक प्रकारचा लपलेला पगारच. हा तर कुठल्या कॉलममध्येही दिसत नाही! केअररने काम लवकर उरकलं तर तिला घर नाही मिळत, पुढची म्हातारी मिळते.

आपल्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. आज पॅच मारायचा, मुळातला बग तसाच ठेवायचा, आणि पुढच्या रिलीजमध्ये बघू म्हणायचं. जून २०२३ मध्ये महापालिकेने जाहीर केलं की नवं देणं ६५ ते ७६ कोटी पौंड असू शकतं आणि ते दर महिन्याला ५० लाख ते १ कोटी ४० लाख पौंड या वेगाने वाढतंय. ५ सप्टेंबर २०२३ ला कलम ११४ ची नोटीस निघाली. म्हणजे अत्यावश्यक सेवा सोडून नवा खर्च बंद. ११ लाखांहून जास्त वस्तीचं शहर, आणि व्यवहारात दिवाळं.

आता यात आमच्या जातभाईंचाही हात आहे बरं का. महापालिकेने एप्रिल २०२२ मध्ये आपली जुनी एसएपी सिस्टिम काढून ऑरेकलवर नवी आणली. नव्या सिस्टिमला आपल्या जुन्या सवयींसारखं वागायला लावायचं म्हणून भरपूर कस्टमायझेशन, आणि मग हिशेबच जुळेनात. सुरुवातीचा अंदाज २ कोटी पौंडांच्या आत होता, २०२३ पर्यंत बोलणं १० कोटींवर पोचलं होतं. म्हणून "बायकांनी पगार मागितला आणि शहर बुडालं" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. शहराला सरकारी निधीची कपात होती, आयटी प्रोजेक्टचा गोंधळ होता, आणि ७६ कोटींचा आकडा फुगवलेला होता का यावरही नंतर बराच वाद झाला. पण हेडलाइनमध्ये बसायला सोपं काय, तर 'इक्वल पे'.

आणि बिल कोणी भरलं? मार्च २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी सुमारे ३० कोटी पौंडांची काटछाट मंजूर झाली. लायब्ऱ्या, कलासंस्थांची अनुदानं, रस्त्यावरचे दिवे मंद करणं, सगळं त्यात आलं. त्या वर्षीची कौन्सिल टॅक्सची वाढ जवळजवळ १० टक्के. म्हणजे ज्या बाईला तिचे हक्काचे पैसे मिळायचे होते तिचाच घरचा टॅक्स वाढला, तिच्याच नातवाची लायब्ररी धोक्यात आली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जीएमबी आणि युनिसन या युनियनशी महापालिकेचा समझोता झाला. हजारो बायकांचे दावे त्यात आले. तेव्हा पुन्हा वाटलं, हुश्श, संपलं. आणि तीन महिन्यांत कचऱ्याचा संप! कारण काय, तर कचरा गाडीवरचं एक पद महापालिकेने रद्द केलं. हे पद राहिलं तर पुन्हा समान वेतनाचे दावे येतील असं महापालिकेचं म्हणणं. आमच्या माणसांचे वर्षाला ८ हजार पौंडांपर्यंत कापले जाणार, समान वेतन हे फक्त निमित्त आहे, असं युनाइट या कचरावाल्यांच्या युनियनचं म्हणणं. कमी लोकांचे, कमी पैसे जातील असं परत महापालिकेचं म्हणणं. आणि गंमत म्हणजे हे पद आलं होतं २०१७ चा कचऱ्याचा संप मिटवताना! एक बग काढताना घातलेला दुसरा बग.

मालकीणबाईंना या सगळ्याचा फार त्रास व्हायचा. त्यांना वाटायचं की रस्त्यातले लोक कचऱ्याकडे बघून त्यांच्यासारख्या बायकांनाच शिव्या देतायत. एकदा चिडून म्हणाल्या, "त्यांचे पैसे कापा असं आम्ही कधी म्हटलं? आमचे आम्हाला द्या, एवढंच म्हटलं होतं."

मला वाटतं सगळ्या प्रकरणाचं सार या वाक्यात आहे. समानता दोन प्रकारे आणता येते, खालच्याला वर घेऊन किंवा वरच्याला खाली ओढून. वेळेवर केली तर पहिला मार्ग परवडतो. तीस-चाळीस वर्षं टाळली तर तिजोरीत फक्त दुसऱ्या मार्गापुरते पैसे उरतात, आणि मग ज्यांनी एकत्र असायला हवं ते कामगार एकमेकांसमोर उभे राहतात.

तसं व्हायलाच हवं असं मात्र नाही. ग्लासगोमध्ये याच प्रकारच्या भांडणात ऑक्टोबर २०१८ मध्ये आठ हजारांवर बायका ४८ तास संपावर गेल्या. केअरर, सफाई करणाऱ्या, शाळेतल्या स्वयंपाकिणी. त्या कचरा डेपोच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा अनेक कचरावाल्या पुरुषांनी त्यांना ओलांडून कामावर जायला नकार दिला. जानेवारी २०१९ मध्ये तिथे ५० कोटी पौंडांहून मोठा समझोता झाला, आणि तो शेवटचा नव्हता, २०२२ मध्ये आणखी एक करावा लागला.

ग्लासगोचं प्रकरण इंजिनियर म्हणून मला जास्त बोचतं. कारण तिथे 'वैज्ञानिक' जॉब इव्हॅल्युएशन झालेलं होतं. पॉइंट्स होते, फॉर्म्युला होता. पण त्या फॉर्म्युल्यात एक नियम होता की आठवड्याला ३७ तास किंवा जास्त करार असेल तर जादा पॉइंट्स. दिसायला किती निरागस! कुठेही 'स्त्री' नाही, 'पुरुष' नाही. पण पूर्णवेळ करार बहुतेक पुरुषांचे आणि अर्धवेळ बहुतेक बायकांचे. एक इफ कंडिशन, आणि हजारो बायका खालच्या बाजूला. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या कोर्टाने ही पद्धत विश्वासार्ह मानायला नकार दिला. ती कंडिशन माझ्यासारख्याच कोणीतरी टाइप केली असणार, रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये होती म्हणून. टेस्ट केससुद्धा पास झाली असेल.

आपल्याकडे काय? योगायोग बघा, आपला समान वेतनाचा वटहुकूम २६ सप्टेंबर १९७५ चा. ब्रिटनचा कायदा लागू होण्याच्या तीन महिने आधीचा! १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीच्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा यांनी त्याच्या आधारावर लढा दिला आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या. कंपनीचा एक युक्तिवाद असा की ज्या पदावर ही बाई आहे त्या पदावर आमच्याकडे पुरुषच नाहीत, मग भेदभाव कसला? (मुळात त्या पदाच्या नावातच 'लेडी' घातलं होतं. आता बोला.) दुसरा युक्तिवाद, कंपनीला परवडत नाही. कोर्टाने दोन्ही उडवले. परवडत नाही म्हणून बाईला कमी देता येणार नाही, हे आपल्या कोर्टाने सांगून कधीचा काळ लोटला.

पण आपला कायदा 'तेच किंवा त्याच स्वरूपाचं काम' इथेच थांबतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वेतन संहितेतही शब्द तेच आहेत. 'समान मूल्य' हा पुढचा मजला आपल्याकडे बांधलेलाच नाही. म्हणजे ज्युली हेवर्डची स्वयंपाकीण विरुद्ध रंगारी ही केस आपल्याकडे उभी राहणं कठीण.

आणखी एक फरक आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने असं ठरवलं की भेदभाव आहे का हे शोधण्यासाठी लोक आपसात पगाराबद्दल बोलले, तर करारातली गोपनीयतेची अट त्यांच्यावर लादता येत नाही. किती साधी गोष्ट! मुळात या हजारो बायकांना दावे करता आले ते कशामुळे? महापालिकेत ग्रेड उघड होत्या, युनियन होती, आणि कोणीतरी कोणाच्या तरी नवऱ्याची पे-स्लिप पाहिली होती. माहितीच नसती तर सुप्रीम कोर्टानेही काय केलं असतं?

आता माझं. मी परत आल्यावर आमच्या बॅचची एक पार्टी झाली. नऊ जण आम्ही, चार मुलगे, पाच मुली, एकाच दिवशी जॉइन झालेले, आज सगळे एकाच बँडमध्ये. मी त्यांना कचरा, उंदीर, बोनस, सगळं पुराण ऐकवलं. (लोक बिर्याणी खात होते, तरी ऐकवलं.) शेवटी एक मैत्रीण म्हणाली, "मग आपण बघूया का आपलं?" दोन मिनिटं शांतता. इतकी शांतता अप्रेझलच्या मेलनंतरही नसते. मग एक जण म्हणाला, माझं काय जातंय, घ्या. आणि त्याने फोनवर पे-स्लिप उघडून टेबलावर ठेवली.

त्या रात्री आम्ही एक शीट केली. नावं नाहीत, फक्त मुलगा की मुलगी आणि कॉलम. बेसिक नऊच्या नऊ जणांचं जवळजवळ सारखं. पण 'रिटेन्शन बोनस' नावाचा एक कॉलम होता. चारपैकी तीन मुलांना मिळालेला, पाचपैकी एका मुलीला. उरलेल्या चौघींना तर असं काही असतं हेच माहीत नव्हतं. त्या चौघींत मी एक. मी, जिचं पोट पे एलिमेंटवर चालतं!

नऊ जणांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. कदाचित त्या तिघांनी राजीनामा टाकून मागून घेतला असेल. कदाचित मागणाऱ्यालाच मिळतं असं असेल. पण मग मागणाऱ्यालाच मिळतं हा नियम ३७ तासांच्या नियमासारखाच नाही का? दिसायला निरागस, आणि मागणारे साधारण कोण आणि न मागणारे साधारण कोण, हे आधीच ठरलेलं.

ब्रिटनच्या कायद्यात एक गोष्ट मला फार आवडली. एकदा दिसलं की समान कामाला वेगळा पगार आहे, की कारण द्यायची जबाबदारी मालकावर येते. आणि नुसतं कारण चालत नाही, ते खरं हवं, महत्त्वाचं हवं आणि त्याच्या आड बाई-पुरुष हा फरक लपलेला नको. आमच्यावर तो कायदा लागू नाही. पण प्रश्न विचारायला कुठे कायदा लागतो?

तर आम्ही नऊ जणांनी मिळून एचआरला एक मेल लिहिला आहे. त्यात कोणाचा आकडा नाही, कोणावर आरोप नाही. एकच प्रश्न आहे: हा बोनस कोणाला द्यायचा हे कोणत्या निकषावर ठरतं, ते निकष सगळ्यांना सांगाल का? ज्या तिघांना बोनस मिळाला त्यांनीही सही केली आहे, आणि त्यातल्या एकाने तर ड्राफ्टमध्ये स्वतःहून एक वाक्य घातलं. आमचा काढून घ्या असं आम्ही म्हणत नाही, यांनाही द्या.

मेल गुरुवारी गेला. "वुई विल गेट बॅक टू यू" एवढं उत्तर आलंय. सोमवारी परत विचारू.